कच्च्या भातावरचं हसू

उझबेकिस्तानातली एक साधी खाणावळ. जपानी टीव्हीवरच्या भटकंतीच्या कार्यक्रमाची एक तरुण निवेदिका तिथला पुलाव खायला बसली आहे. पण भात शिजलेलाच नाही, दाताखाली कचकचतोय. कॅमेरा सुरू होतो. ती मोठा घास घेते, डोळे विस्फारते, चव किती सुरेख आहे ते सांगते आणि लहान मुलीसारखी प्रसन्न हसते. चित्रीकरण थांबतं आणि त्याच क्षणी तो चेहरा विझतो. दुःख नाही, राग नाही, काहीच नाही. दुकानाचं शटर ओढावं तसं ते हसू खाली येतं.

हा प्रसंग कियोशी कुरोसावा यांच्या २०१९ च्या ‘टू द एंड्स ऑफ द अर्थ’ या चित्रपटातला. (अकिरा कुरोसावांशी यांचं नातं नाही, आडनाव तेवढं एक.) जपान आणि उझबेकिस्तान यांच्या राजनैतिक संबंधांना पंचवीस वर्षं झाली, त्या निमित्ताने हा चित्रपट निघाला. म्हणजे खरं तर दोन देशांच्या मैत्रीचं काहीतरी गुळमुळीत प्रकरण व्हायचं. झाला तो पगारासाठी हसावं लागणाऱ्या एका बाईचा चित्रपट. लोकार्नोच्या महोत्सवाची सांगता त्याने झाली. आणि त्या निवेदिकेचं काम करणारी अत्सुको माएदा हसण्याच्या धंद्यातूनच आली होती. चौदाव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत तिने दुसरं काही केलं नव्हतं.

जपानी आयडॉल, म्हणजे कंपनीने घडवलेली, गाऊन-नाचून चाहते जमवणारी कोवळी मुलगी, मॉडेलिंगमध्ये किंवा चित्रपटात गेली की तिची गोष्ट दोनच तऱ्हांनी सांगितली जाते. चाहते सांगतात ती जिना चढल्याची गोष्ट: आधी नाचली, मग मासिकाच्या मुखपृष्ठावर आली, मग पडद्यावर. आणि सिनेमाचे जाणकार नाक मुरडून सांगतात ती वशिल्याची: तिकिटं खपतात म्हणून घेतली, अभिनयाच्या नावाने शून्य. मला दोन्ही पटत नाहीत. आयडॉलच्या कामात एक खरं कसब आहे आणि त्याचं सोनं करणारे दिग्दर्शकही आहेत. मात्र हे कसब ज्या करारांखाली पिळून काढलं जातं, ते करार टिकता कामा नयेत. नंतर ती मुलगी चांगली नटी निघाली, एवढ्यावरून त्या करारांचं पाप धुऊन निघत नाही.

आधी हा धंदा काय आहे ते बघू. १९६३ च्या एका फ्रेंच चित्रपटामुळे ‘आयदोरु’ हा शब्द जपानमध्ये रुळला. १९७१ मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनवर नवे गायक शोधणारा एक स्पर्धा-कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या अंतिम फेरीत शाळकरी पोरगी गाऊन उभी राहायची आणि समोर बसलेल्या कंपन्यांपैकी जिला ती हवी असेल ती आपल्या नावाची पाटी वर करायची. किती पाट्या वर गेल्या यावर त्या पोरीची किंमत ठरायची. आपल्याकडे क्रिकेटपटूंचे लिलाव सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि उभ्या असायच्या त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली.

त्याच कार्यक्रमातून मोमोए यामागुची आली. १९७३ मध्ये पहिलं गाणं, १९७४ मध्ये ‘इझुची नर्तकी’ या चित्रपटात नायिका, समोर नायक तोमोकाझु मिउरा. पुढे ही जोडी एकामागून एक चित्रपटांत आली आणि शेवटी खऱ्या आयुष्यातही जमली. ५ ऑक्टोबर १९८० ला बुदोकान सभागृहातल्या अखेरच्या मैफलीत तिने मायक्रोफोन व्यासपीठावर ठेवला आणि निघून गेली. वय एकवीस. पुन्हा कधी परतली नाही. तिचं पुढचं मोठं दर्शन लोकांना २०१९ मध्ये झालं, आणि तेही एका पुस्तकातून: तिने इतक्या वर्षांत शिवलेल्या गोधड्यांच्या. निवृत्तीच्या वर्षीच तिने कोन इचिकावांसारख्या दिग्दर्शकाकडे काम केलं होतं; अभिनयात तिला पुढे रस्ता नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी आयडॉल असणं आणि कुणाची तरी बायको असणं एकत्र नांदू शकत नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कदाचित तिनेही.

आयडॉल ही पट्टीची गायिका नसते. तिने तशी असू नये, अशीच अपेक्षा असते. विकलं जातं ते तिचं अपुरेपण. आज सूर हलतोय, उद्या जरा बरा लागेल, परवा ती रडेल, तेरवा सावरेल, आणि हे सगळं तुम्ही पहिल्या दिवसापासून पाहिलेलं असेल. यासुशी आकिमोतो या गीतकाराने हे व्यापाराचं सूत्र म्हणून ओळखलं. ८ डिसेंबर २००५ ला तोक्योच्या आकिहाबारा भागात, एका सवलतीच्या दुकानाच्या आठव्या मजल्यावर, अडीचशे माणसांच्या छोट्या नाट्यगृहात एकेबी४८ या मुलींच्या गटाचा पहिला प्रयोग झाला. अत्सुको माएदा याच गटातली. तिकीट काढून आलेले प्रेक्षक सात. घोषणा होती, ‘भेटता येणाऱ्या आयडॉल’. टीव्हीच्या काचेमागची नव्हे, हात मिळवता येईल अशी.

मग आलं मतदान. २००९ ते २०१८ दर वर्षी चाहत्यांनी मत देऊन ठरवायचं की पुढच्या गाण्यात कोण मधे उभी राहील आणि कोण मागच्या रांगेत. मतपत्रिका सीडीच्या पाकिटात. सीडी दहा घ्या, दहा मतं. शंभर घ्या, शंभर मतं. २००९ मध्ये माएदा पहिली आली ती ४,६३० मतांवर. २०१० मध्ये दुसरी. २०११ मध्ये पुन्हा पहिली, १,३९,८९२ मतांवर. दोन वर्षांत तीसपट! माणसं वाढली की माणशी सीड्या वाढल्या, हे ज्याचं त्याने ठरवावं. पुढे एकदा फुकुओकाच्या डोंगरात या गटाच्या पाचशेहून जास्त सीड्या फेकलेल्या सापडल्या. मत काढून घेतलं, टरफल टाकून दिलं.

२०११ च्या त्या विजयानंतर माएदा रडत रडत जे बोलली ते जपानमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे: मी आवडत नसेन तर नसू द्या, पण एकेबीचा राग धरू नका. एकोणीस वर्षांची पोर, जिंकलेली, आणि माफी मागितल्यासारखी बोलतेय. कारण ‘मधली’ झाल्यापासून तिच्यावर रोज शिव्यांचा पाऊस पडत होता. चेहरा सामान्य, नाच सामान्य, हिलाच का पुढे करतात. गंमत अशी की तिला पुढे करण्याचं कारणही तेच होतं. शेजारच्या घरातली वाटावी अशी मुलगी मधे ठेवली की बघणाऱ्याला गोष्टीत शिरायला दार मिळतं.

याच काळात तिला चित्रपटांत आणि मालिकांत नायिका म्हणून ढकलण्यात आलं. यातलं पुष्कळसं काम खरोखर वाईट आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकावरून शाळेचा बेसबॉल संघ सुधारणारी मुलगी तिने २०११ मध्ये केली. ते काम मी बघवत नाही म्हणून दोन बैठकांत पाहिलं. प्रत्येक वाक्य ‘आता मी हे वाक्य म्हणते आहे’ अशा चेहऱ्याने. जाणकारांनी टर उडवली, आणि त्यात अन्याय नव्हता. पण कारणमीमांसा चुकली. आयडॉल होती म्हणून तिला अभिनय येत नव्हता असं नाही. तिच्याकडून आयडॉलपणच मागितलं जात होतं, फक्त बेसबॉलच्या मैदानावर. तीच उमेद, तेच डबडबलेले डोळे, तोच ‘आपण करून दाखवू’.

नोबुहिरो यामाशिता या दिग्दर्शकाने मात्र उलटं केलं. त्याने तिच्याकडून हसू काढून घेतलं. २०१२ मध्ये एका चित्रपटात तिला घेतल्यावर २०१३ मध्ये त्याने तिच्यासोबत ‘मोराटोरियम तामाको’ केला. कोफू नावाचं शहर. वडिलांचं खेळाच्या सामानाचं दुकान. तोक्योत पदवी घेऊन परतलेली तामाको काही म्हणजे काही करत नाही. उठते, जेवते, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा वाचत लोळते, टीव्हीवरच्या बातम्या बघून ‘या देशाचं काही खरं नाही’ असा शेरा मारते, पुन्हा झोपते. चार ऋतू असेच जातात. वडील स्वयंपाक करतात, ती खाते. दीड तासही न भरणारा हा चित्रपट मी तीनदा पाहिला आहे आणि दर वेळी त्यातलं खाणं बघून मला भूक लागते. मधे ती गुपचूप फोटो काढून घेते, कुठल्याशा ऑडिशनला पाठवायला. त्या फोटोतली तामाको बघताना पोटात कालवतं, कारण प्रेक्षकाला ठाऊक असतं की समोरची बाई हजारो फोटोंना सामोरी गेलेली आहे आणि इथे ती फोटोला बिचकणारी मुलगी करते आहे. न शिकलेल्या माणसाला हे जमत नाही.

हेच ते कसब. अभिनयाच्या शाळेत सगळ्यात अवघड शिकवतात ती गोष्ट म्हणजे कोणी बघत नसल्यासारखं वागणं. आयडॉल शिकते ते याच्या विरुद्ध: सतत कोणीतरी बघतंय हे अंगात मुरवून घेणं. मान कुठे वळली, केस कुठे पडले, तिसऱ्या रांगेतल्या माणसाकडे नजर गेली की नाही. सात वर्षं हे केलेल्या शरीराला कॅमेऱ्याचा धाक उरत नाही. आणि चांगला दिग्दर्शक अशा शरीराला ‘आता काहीच करू नकोस’ म्हणतो, तेव्हा त्या काहीच न करण्याला वजन येतं. कुरोसावांनी हे ओळखलं होतं. २०१३ मध्ये तिच्या एका गाण्यासाठी म्हणून सुरू झालेलं काम त्यांनी तासाभराचा चित्रपट करून सोडलं. ‘सेव्हन्थ कोड’ हे त्याचं नाव, घडतो व्लादिवोस्तोकमध्ये, आणि रोमच्या महोत्सवात त्यासाठी कुरोसावांना दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. सहा वर्षांनी त्यांनी तिला उझबेकिस्तानला नेलं आणि तो कच्चा भात पुढे ठेवला. त्याच चित्रपटात जत्रेतल्या गरगरणाऱ्या पाळण्यात ती चित्रीकरणासाठी पुन्हा पुन्हा बसते, पोट ढवळून निघेपर्यंत. स्थानिक पाळणेवाला हे बरं नाही म्हणून अडवू पाहतो. जपानी चमूला त्यात वावगं काहीच दिसत नाही. तिलाही नाही. माझ्या लेखी आयडॉल व्यवस्थेवरची सगळ्यात नेमकी टीका या प्रसंगात आहे, आणि त्यात आयडॉल हा शब्द एकदाही येत नाही.

मॉडेलिंगची बाजू जरा वेगळी आहे. २०११ मध्ये एकेबीला प्रतिस्पर्धी म्हणून नोगिझाका४६ उभा राहिला, आणि त्यातल्या मुली एकामागून एक बायकांच्या फॅशन मासिकांत गेल्या. एकाच मासिकाशी बांधलेली मॉडेल असा जपानमध्ये रिवाज आहे. माइ शिराइशी ‘रे’मध्ये, नानासे निशिनो ‘नॉन-नो’मध्ये, आसुका साइतो ‘स्वीट’मध्ये. शिराइशीचं २०१७ चं छायाचित्रांचं पुस्तक लाखोंनी खपलं, आणि घेणाऱ्यांत मुलीही पुष्कळ होत्या. मासिकांना वाचक हवे होते, गटाला बायकांमधली प्रतिष्ठा हवी होती. सौदा दोघांच्या सोयीचा. पण त्यातून एक चांगली गोष्ट नकळत झाली. फॅशन मासिकाच्या कॅमेऱ्याला कोट खांद्यावर कसा बसतो याच्याशी मतलब असतो. तिथे ‘मी तुमचीच आहे’ असं डोळ्यांनी सांगावं लागत नाही. निशिनो २०१८ च्या अखेरीस गटातून बाहेर पडली आणि २०२१ च्या एका हाणामारीच्या, घामट गुन्हेगारीपटात तिने असं काम केलं की जपान अकादमीच्या चित्रपट-पुरस्कारांत पुढच्या वर्षी तिला नवोदित कलाकार म्हणून गौरवण्यात आलं. माझी अटकळ अशी की मासिकातल्या त्या वर्षांनी तिला जवळीक न विकता उभं राहायला शिकवलं.

पण मॉडेलिंगची दुसरीही एक गल्ली आहे. तरुण मुलांच्या मांगा साप्ताहिकांची पहिली पानं. तिथे पोहण्याच्या कपड्यांतली आयडॉल छापली जाते आणि पुष्कळदा ती शाळकरी वयाची असते. याला प्रगतीची पायरी म्हणतात. मी म्हणणार नाही.

आता करारांकडे येतो, कारण भांडण तिथे आहे.

२०१३ च्या जानेवारीत एका साप्ताहिकाने छापलं की एकेबीची मिनामी मिनेगिशी एका तरुण नर्तकाच्या घरी रात्रभर राहिली. ती वीस वर्षांची होती, तो एकोणीसचा. छापून आलं त्याच दिवशी तिने डोकं भादरून घेतलं आणि रडत माफी मागणारी चित्रफीत प्रसिद्ध झाली. तिला शिकाऊंच्या गटात उतरवण्यात आलं. जगभर ओरड झाली, मग कंपनीने डोकं भादरण्याचा निर्णय तिचा स्वतःचा असल्याचं सांगितलं. असेलही. पण ज्या घरात पोरगी आपणहून एवढी शिक्षा करून घेते, त्या घराबद्दल काय म्हणायचं?

प्रेमबंदी हा विनोदाचा विषय वाटतो, पण त्यावर कोर्टकज्जे झालेले आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने सतरा वर्षांच्या एका माजी आयडॉलला कंपनीला सुमारे साडेसहा लाख येन भरायला लावले, कारण तिने कराराविरुद्ध प्रेम केलं आणि गट मोडला. चारच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या खटल्यात उलट निकाल लागला: प्रेम करणं हा सुखाच्या शोधाच्या हक्काचा भाग आहे, नुकसानभरपाई मिळणार नाही. एकाच इमारतीत दोन निकाल. पहिल्यात मुलीचं हसू कंपनीच्या मालमत्तेत जमा होतं, दुसऱ्यात मुलीकडे परत जातं. मी अर्थातच दुसऱ्याच्या बाजूने आहे.

याला विरोधात जे म्हणतात ते उडवून लावण्यासारखं नाही. कंपनी कोवळ्या, अनोळखी मुलीवर गाणं, नाच, राहणं, कपडे यांचा खर्च करते, तोही दहांत एखादीच चालेल हे माहीत असताना. मुली आपणहून येतात, आईबाप सही करतात. आणि चाहता ज्या कल्पनेचे पैसे मोजतो ती कल्पना मोडली तर माल खोटा ठरतो. यातला खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. त्यासाठी ठरावीक वर्षांचा करार करावा, कमाईतला हिस्सा ठरवावा, काम अर्ध्यात सोडलं तर भरपाई मागावी. जगात सगळीकडे असंच चालतं. पण संध्याकाळी सातनंतर कुणाबरोबर जेवायचं, हा त्या खर्चाच्या वसुलीचा भाग कसा होतो? आणि चौदाव्या वर्षी दिलेल्या संमतीला एकविसाव्या वर्षी किती किंमत द्यायची? कल्पना मोडली म्हणून ग्राहक रागावला, तर त्याला ‘तू कल्पना विकत घेतली होतीस, माणूस नाही’ हे सांगणं कंपनीचं काम आहे. कंपनी ते सांगत नाही, कारण तो गैरसमज हाच तिचा माल आहे.

प्रेमाचं सोडा, नाव आणि चेहराही त्यांचा नसतो. २०१३ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवरच्या सकाळच्या मालिकेत, गावाकडे राहायला आलेल्या आणि आयडॉल होऊ पाहणाऱ्या तोक्योच्या मुलीची भूमिका करून रेना नोनेन देशभर लाडकी झाली. ती आयडॉल नव्हती, मुलींच्या मासिकाची मॉडेल होती. पुढे एजन्सीशी वाद झाला आणि २०१६ मध्ये ती ‘नोन’ या नावाने नव्याने उभी राहिली. रेना नोनेन हे तिचं टोपणनाव नव्हे, आईबापांनी ठेवलेलं नाव. त्याच वर्षी आलेल्या हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातल्या युद्धकाळावरच्या अ‍ॅनिमेशनपटात तिने नायिकेला दिलेला आवाज ऐकावा. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र तिचं जुनं नाव लागलं नाही.

मुलग्यांची कथा आणखी काळी आहे. मुलग्यांचे आयडॉल गट घडवणाऱ्या जॉनीज या कंपनीच्या पोरांचे चेहरे इंटरनेटवर टाकायला २०१८ पर्यंत बंदी होती. मासिकाचं मुखपृष्ठ संकेतस्थळावर यायचं तेव्हा नटाच्या जागी राखाडी आकृती कापून ठेवलेली असायची, जणू खून झालेल्या माणसाभोवती पोलिसांनी आखलेली रेघ. या कंपनीतून आलेल्या मुलांनी जपानी सिनेमाला खरोखर काय काय दिलं: काझुनारी निनोमियाने क्लिंट ईस्टवुडकडे काम केलं, जुनइची ओकादाने २०१५ मध्ये जपान अकादमीचे मुख्य आणि साहाय्यक नटाचे दोन्ही पुरस्कार एकदम घेतले. त्याआधीच्या पिढीतला मासाहिरो मोतोकी तर आपल्या वाराणसीला येऊन घाटावरचं मरण बघून गेला. प्रेताला अखेरचं न्हाऊमाखू घालणाऱ्या माणसावर चित्रपट करावा, हे त्याच्या डोक्यात घोळत राहिलं, आणि तो चित्रपट २००९ मध्ये ऑस्कर घेऊन आला. मोतोकी एकेकाळी पोरींच्या किंकाळ्यांत नाचणारा आयडॉल होता. हे सगळं खरं. आणि २०२३ मध्ये कंपनीने कबूल केलं की तिचे संस्थापक जॉनी कितागावा यांनी अनेक दशकं कोवळ्या मुलांवर लैंगिक अत्याचार केले, हेही खरं. पहिल्या यादीने दुसऱ्या गोष्टीचं काहीही फिटत नाही. पण वर्षानुवर्षं त्या यादीच्या आडोशालाच वाहिन्या आणि वर्तमानपत्रं गप्प बसली.

कंपनी सोडली तर काय होतं? जॉनीजचा स्माप हा गट २०१६ च्या शेवटी फुटला. त्यातले तिघे कंपनीबाहेर पडले आणि टीव्हीवरून हळूहळू दिसेनासे झाले. जुलै २०१९ मध्ये जपानच्या व्यापार-स्पर्धा आयोगाने जॉनीजला समज दिली: या तिघांना काम देऊ नका असा दबाव वाहिन्यांवर आणलात तर तो कायद्याचा भंग ठरू शकतो. फक्त समज, शिक्षा नाही. त्या तिघांतल्या त्सुयोशी कुसानागीने २०२० मध्ये एका छोट्या चित्रपटात ट्रान्स स्त्रीची भूमिका केली आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम नटाचं पारितोषिक नेलं. टीव्हीचं दार बंद होतं म्हणून तो तिकडे वळला, असं म्हणून बंद दाराचे आभार मानणारेही भेटतात. आयत्या बिळावर नागोबा दुसरं काय!

म्हणून कुठली आयडॉल ‘खरी’ नटी झाली हे मोजताना मी पुरस्कार धरत नाही. ती नाही म्हणू शकते का, हे बघतो. माएदाने २०१२ च्या ऑगस्टमध्ये गट सोडला. तोक्यो डोममध्ये तीन दिवसांचा सोहळा झाला आणि शेवटचा प्रयोग पुन्हा त्याच आठव्या मजल्यावर. याला तिकडे ‘सोत्सुग्यो’ म्हणतात, म्हणजे पदवीदान. पुण्यात जपानी शिकणाऱ्या पोरांना हा शब्द पहिल्या-दुसऱ्या वर्षीच भेटतो, शाळा-कॉलेजच्या संदर्भात. नोकरी सोडण्याला पदवीदान म्हणण्यात फार मोठी हुशारी आहे. शाळेत पगार नसतो, संघटना नसते, शिस्त मोडली तर शिक्षा होते आणि बाहेर पडताना गुरुजींचे आभार मानायचे असतात. सात वर्षं राबलेली कामगार या एका शब्दाने विद्यार्थिनी होऊन जाते. माझं चाललं तर सुधारणा या शब्दापासून सुरू करीन. माएदाने त्यानंतर लग्न केलं, मूल झालं, घटस्फोट झाला, आणि २०२१ पासून ती कुठल्याही मोठ्या कंपनीविना स्वतंत्रपणे काम करते. यातली प्रत्येक गोष्ट एकेकाळी तिच्या कारकिर्दीचा शेवट ठरली असती.

कायदा हळूहळू जागा होतोय. मुक्त व्यावसायिकांना संरक्षण देणारा कायदा जपानमध्ये नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. पण कायद्याचे हात चाहत्यापर्यंत पोचत नाहीत, आणि निम्मं दुखणं तिथे आहे. तिकडे ‘ओशी’ म्हणतात, म्हणजे आपण जिच्या पाठीशी उभे राहतो ती. शब्द गोड आहे. पण पाठीशी उभं राहणं आणि पाठीवर बसणं यातलं अंतर सीडीच्या संख्येबरोबर कमी होत जातं. हा प्रश्न आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. २०१७ मध्ये मुंबईसाठी एकेबीच्याच धर्तीवर एमयूएम४८ नावाच्या गटाची घोषणा झाली होती. तो गट रंगमंचावर कधी आलाच नाही. आला असता तर अंधेरीच्या एखाद्या सभागृहात हस्तांदोलनाच्या रांगा लागल्या असत्या, आणि डोंबिवली-विरारच्या मुलींनी कुठल्या कागदावर सह्या केल्या असत्या, ते विचारायला आपल्यापैकी किती जण गेले असते? लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धांत परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, एवढं मला आठवतं.

हस्तांदोलन म्हटलं की रिना कावाएइ आठवते. एकेबीतली ही मुलगी परीक्षेत सगळ्यात कमी गुण मिळवणारी ‘ढ’ म्हणून टीव्हीवर प्रसिद्ध होती. मे २०१४ मध्ये इवाते प्रांतात चाहत्यांशी हात मिळवण्याच्या कार्यक्रमात एक माणूस करवत घेऊन रांगेतून आला आणि त्याने तिच्यावर आणि अन्ना इरियामावर वार केले. दोघींच्या हातांना जखमा झाल्या, मदतीला धावलेला एक कर्मचारीही जखमी झाला. त्यानंतर काही काळाने हे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले, आता सामानाची तपासणी आणि धातूशोधक यंत्रांसह. गाणं, नाच, टीव्ही सगळं जमेल, पण हात मिळवायला आता आपण उभ्या राहू शकत नाही, असं तिने सांगितलं, आणि २०१५ मध्ये ती बाहेर पडली. गटात राहायचं तर हात मिळवायलाच हवेत, असा तो हिशेब होता.

बाहेर पडल्यावर तिने नायिकेच्या भूमिकांची वाट पाहिली नाही. कुठल्याही मालिकेत, चित्रपटात, जाहिरातीत जे मिळेल ते ती करत गेली: मैत्रीण, शेजारीण, दुकानातली पोरगी. मग एनएचकेच्या २०२१–२२ च्या सकाळच्या मालिकेसाठी ऑडिशन निघाली. तीन पिढ्यांच्या तीन नायिका, रेडिओवरच्या इंग्रजीच्या धड्यांनी बांधलेलं शंभर वर्षांचं कथानक. अर्ज तीन हजारांहून जास्त. कावाएइने अर्ज भरला, रांगेत उभी राहिली, आणि तिसऱ्या पिढीची हिनाता तिला मिळाली. ही हिनाता अभ्यासात यथातथाच, आळशी, सामुराईंच्या चित्रपटांची वेडी, आणि क्योतोच्या चित्रपटनगरीत नोकरी करणारी. रोज सकाळी पंधरा मिनिटं ती लोकांच्या घरात यायची. कुणाचा हात हातात घ्यावा लागत नव्हता.